खान्देशातून इतिहास करणाऱ्यांनो, विषय कसा मिळाला, पैसे कुठून आले? अनुभव लिहा

धुळे, एम.ए. नुकतंच झालंय

नमस्कार मंडळी. पीएचडीला नाव टाकायचंय आणि सोबत सार्वजनिक इतिहासाच्या एका फेलोशिपचा फॉर्म भरतेय, म्हणजे प्रबंध लिहून कपाटात ठेवायचा नाही तर गावातल्या लोकांसोबत बसून त्यांचा इतिहास गोळा करायचा आणि प्रदर्शन, रेकॉर्डिंग, वॉक असं काहीतरी करून परत त्यांच्यासमोरच मांडायचा. विषय चिमठाण्याचा (आपल्या धुळे जिल्ह्यातलं) घेतलाय. १४ एप्रिल १९४४ ला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला ती गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही माहितीय, डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याहून आलेली प्रतिसरकारची (तिथल्या भूमिगत सरकारची) माणसं, सगळं. पण लुटीनंतर आसपासच्या गावांत पोलीस आले तेव्हा काय झालं, कुणी कुणाला लपवलं, भाकरी कुणी पोचवली, ते मला हवंय. सर म्हणतात साधनं दाखव आधी. घरी म्हणतात बी.एड. कर. तुम्ही कसं केलं ते लिहा प्लीज, पैशाचंही लिहा, लाजू नका.

धुळे, पीएचडी चालू

ताई तू धुळ्यात राहून साधनं कुठे विचारतेस! इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, तिकडे समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं (हस्तलिखितं) आहेत, बाहेरगावचे लोक गाडी करून बघायला येतात आणि आपली पोरं पारोळा रोडवर चहा पीत बसतात. गाईडचं पत्र घेऊन जा, आधी यादी वाच, काय हवं ते नेमकं सांग. "जुनं काही आहे का" असं विचारलं की समोरच्याच्या मनातून आपण उतरतोच.

तुझा विषय १९४४ चा आहे म्हणून मोडी लिपीवाचून चालेल, पण तरी शीक. मी शिकलो तेव्हा पहिला महिना नुसत्या मुंग्या दिसायच्या, हात न उचलता लिहिलेलं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पेशवाईतल्या पत्रांवर एकदम उडी मारू नको, १९ व्या शतकातली खरेदीखतं, गहाणखतं घे, त्यांची वाक्यं ठरलेली असतात, पहिल्या दोन ओळी लागल्या की पुढचं आपोआप लागतं. आणि पैशाचं विचारलंस तर २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. माझ्याकडे पिशवीत कागद घेऊन लोक यायचे, जिभाऊ एवढं वाचून द्या. फेलोशिपच्या आधी माझं पेट्रोल त्यावरच निघालं.

जळगाव, जेआरएफ

पैशाचं मी लिहितो कारण बाकीचे लिहीत नाहीत.

जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ (त्याच फेलोशिपचा पुढचा टप्पा) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. वयाची अट ३० ची आहे, मुलींना आणि राखीव गटांना ५ वर्षं सवलत, ते बघून ठेवा कारण आपल्याकडे एम.ए. नंतर दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षेत जातात आणि मग लोकांना नेट आठवते. नेट नसेल तर राज्य सरकारच्या संस्था, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणब्यांसाठी सारथी, ओबीसी-भटक्यांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघा. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे पीएचडीची नोंदणी झाल्याचं पत्र, जातीचं, उत्पन्नाचं, नॉन-क्रिमिलेयर, सगळं आधीच फाइलला लावून ठेवायचं.

मी १८ जून २०२४ ला नाशिकला जाऊन नेटचा पेपर देऊन आलो, चांगला गेला होता, दुसऱ्या दिवशी परीक्षाच रद्द. परत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. मधल्या काळात मामाच्या केळी खरेदीच्या ग्रुपवर हिशोब लिहायचं काम केलं. आणि हो, निवड झाली म्हणजे लगेच खात्यात पैसे आले असं समजू नका, पहिला हप्ता येईपर्यंत उधारीवर जगायची तयारी ठेवा. मला एका ठिकाणी प्रत्येक वेळी नवीन सही सांगायचे, शेवटी तिथल्या शिपाई काकांनीच कुठला कागद अडकलाय ते सांगितलं.

धडगाव

मी पावरा आहे, घरात पहिलीच एम.ए. झालेली. माझा विषय गुलाम महाराजांची आप चळवळ. १९३० च्या दशकात तळोद्याकडे मोरवडला हजारो भिल्ल-पावरा जमायचे, आरती व्हायची, दारू सोडायची, लहानमोठ्या सगळ्यांनी एकमेकांना आप म्हणायचं. १९३८ ला महाराज गेले आणि पुढे भाऊ रामदास महाराजांनी चालवली. आमच्या भागाचं पुस्तकात आलं तर सातपुडा, होळी आणि धरण एवढंच येतं म्हणून हा विषय धरला.

लायब्ररीत बसून १८८० चं खान्देश गॅझेटियर वाचलं तर भिल्लांबद्दल असं काही लिहिलंय की डोकं फिरतं. पण मॅडम म्हणाल्या रागावून बंद करू नको, कोण लिहितंय आणि कशासाठी लिहितंय ते बघ, ज्या इंग्रजांना १८५८ ला आंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक या भिल्ल पुढाऱ्यांशी लढावं लागलं ते अजून काय लिहिणार. ते मला पटलं. आता तेच गॅझेटियर महसुलाच्या आकड्यांसाठी मी भरपूर वापरते.

मुलाखतींचं सांगते, ताई तुला उपयोग होईल. पाड्यावर गेलं की पहिला प्रश्न, कुठल्या योजनेचं आहे? फॉर्म कुठे भरायचा? आमच्याकडे सर्व्हेवाले इतके येऊन गेलेत, धरणाचे, जंगलाचे, जनगणनेचे, की वही दिसली की म्हातारी माणसं सरळ नाव-वय-जमीन सांगायला लागतात. म्हणून मी पहिल्या भेटीत वही, मोबाईल काहीच काढत नाही, नुसती बसते, महू (मोह) फोडत असतील तर फोडायला लागते. दुसऱ्या भेटीत विचारते की रेकॉर्ड करू का, कशासाठी ते सांगते, आणि नको म्हणाले तर नको. एका आजीने आरती अख्खी म्हटली आणि मग म्हणाली हे बाजारात लावू नको, घरात ऐक. ते मी संग्रहाला दिलेलंच नाही. फेलोशिपवाल्यांना तसं कळवलं, त्यांना ते आवडलं नाही, पण माझ्या मते रेकॉर्डिंग आजीचं आहे. बाकीच्यांना मेमरी कार्डवर कॉपी देते, फोनमध्ये लावून सगळे एकत्र ऐकतात आणि मग ज्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं ते म्हणतात अगं हा चुकीचं सांगतोय, आमच्याकडे ये. माझ्या सगळ्यात चांगल्या मुलाखती अशाच मिळाल्यात.

फैजपूर

१९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यातलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, मंडप सजवायला चित्रकार नंदलाल बोस. मी त्यावर प्रोजेक्ट केला. आमच्याकडे प्रत्येक घरातले आजोबा स्वयंसेवक होते! सगळे नेहरूंना पाणी देऊन आलेले, नेहरू इतकं पाणी प्यायले असते तर भाषण कधी केलं असतं 😀 मी कुणाला खोटं ठरवत बसलो नाही, एवढ्या लोकांना ते सांगावंसं वाटतं हाच प्रकरणाचा विषय केला. पण स्वयंसेवकांची नावं, बांबू-तट्ट्यांचा खर्च असलं लिहायचं असेल तर कागदच पाहिजे, त्या वेळची वर्तमानपत्रं आणि पोलिसांचे रिपोर्ट. चिमठाण्यालाही हेच होणार बघ, प्रत्येक गाव म्हणेल आमच्याकडेच लपले होते.

माय अजूनही म्हणते इतिहास शिकून पोट भरते का रे.

चाळीसगाव

आमच्या ग्रुपने पाटणादेवीला शाळेच्या पोरांना घेऊन वॉक सुरू केले, फेलोशिपचे पैसे बसभाड्यात गेले सगळे. पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. पोरांना संस्कृत श्लोकांत काही रस नसतो पण शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात बाजारात माल विकला की त्यातला किती हिस्सा मठाला ते दिलंय, तिथे बरोबर जागी होतात कारण निम्म्यांचे वडील मार्केट यार्डात. त्याच पाटणे गावात उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, अश्मयुगातले, हे सांगितलं की शिक्षकसुद्धा म्हणतात शहामृग, इकडे? काही लोक भास्कराचार्य आमचेच म्हणून भांडायला येतात. आम्ही लेखात काय कोरलंय तेवढंच वाचून दाखवतो, ज्याला भांडायचंय त्याने शिलालेखाशी भांडावं.

अमळनेर, तासिका तत्त्वावर

फेलोशिप नाही मिळाली, दोनदा इंटरव्ह्यूपर्यंत गेलो. विषय १८५२ ची सर्व्हेविरोधी बंडाळी, सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या पट्ट्यातले शेतकरी इंग्रजांच्या नव्या जमीन मोजणीविरुद्ध उठले होते, १८५७ च्या आधी पाच वर्षं. एका परीक्षकांनी विचारलं याचं राष्ट्रीय महत्त्व काय. मी सांगितलं, पटलं नाही बहुतेक. आता कॉलेजचे तास घेऊन सुट्टीत मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारात जातो. चालू आहे, हळू. चिमठाणेवाल्या ताई, प्रपोजलमध्ये "दुर्लक्षित इतिहास" हा शब्द टाकू नका, प्रत्येक अर्जात तोच असतो. कुठल्या गावात, कुणाकडे, काय विचारणार आणि गावाला परत काय देणार, ते लिहा.

धुळे, एम.ए. नुकतंच झालंय

सगळ्यांचे खूप आभार. "दुर्लक्षित" तीन ठिकाणी होता, काढला. धडगावच्या ताई, पहिल्या भेटीत वही न काढायचं मी नक्की करणार. सुरुवात शिंदखेडा तालुक्यातल्या मावशीच्या गावापासून करते, तिथे निदान "कोनी पोर शे वं तू" (कुणाची पोर गं तू) याला उत्तर आहे माझ्याकडे.

पारोळा

मी विद्यार्थी नाही, दुकान आहे. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत मोडी कागद आहेत, भावबंदकीत कुणी उघडलेच नाहीत. कुणी वाचून देईल का? शेवभाजी आमच्याकडून.

धुळे, पीएचडी चालू

दादा येतो की. तोपर्यंत घडी चिकटली असेल तर ओढू नका, लॅमिनेशन तर चुकूनही करू नका. जे सहज उघडतात त्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागे पण शेरे असतात, शेजारी पट्टी ठेवा, आणि पेटीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने परत ठेवा.