सीपॅपचा मास्क बाबा झोपेतच काढतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे, आम्ही ऐरोलीला राहतो. त्यांचं घोरणं मध्येच एकदम थांबायचं आणि आई अंधारात उठून बसायची. पुन्हा श्वासाचा हिसका ऐकू आला की मगच आडवी व्हायची. एप्रिलअखेर स्लीप स्टडी केली. एएचआय ४१ आला, म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. ३० च्या वर तीव्रच धरतात. डॉक्टरांनी सीपॅप दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं मशीन.

दीड महिना झाला. बाबा टाळाटाळ अजिबात करत नाहीत. रोज रात्री साडेदहाला स्वतः मशीनच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटर भरतात, चष्मा काढतात, मास्क चढवतात. पण दोन-अडीचला बघावं तर मास्क उशीशेजारी आणि मशीन नुसतंच हवा फेकतंय. सकाळी विचारलं की म्हणतात, "मी कधी काढला?" खरंच आठवत नाही त्यांना. अ‍ॅपमध्ये वापर जेमतेम तीन तास.

मास्क नाकावरचा आहे. झोपेत तोंड उघडतं, सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. मिशीपाशी हवा सुटून शिट्टी वाजते, म्हणून ते पट्टे आवळतात. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठलाय. त्यात पाऊस सुरू झाल्यापासून एसी लावला की नळीत पाणी साचून गुडगुडतं. परवा थेंब थेट नाकात गेले. "बुडतोय असं वाटलं गं," म्हणाले.

नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घ्यावा की तोंड मिटलेलं ठेवणारा हनुवटीचा पट्टा? विक्रेता फक्त "सवय होईल" म्हणतो. वाशी-ठाण्याकडे मास्क लावून बघू देणारं कुणी आहे का? गेल्या गुरुवारी एकदाच पाच तास टिकला, तर सकाळी डोकं दुखलं नाही आणि अख्खा पेपर डुलकी न काढता वाचला. म्हणून इतकी धडपड.

प्रतिसाद:

ताई, मी ठाण्याचा, सहा वर्षं सीपॅप वापरतोय. आधी पट्टे आवळणं थांबवा. सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसते, आवळली की चुरगळते आणि हवा जास्तच सुटते. बाबांना आडवं झोपवा, मशीन चालू करा, मास्क जरा पुढे ओढून सोडा, मग पट्टे जुळवा. बसलेलं असताना नीट जुळवलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो.

नळीतलं पाणी म्हणजे दमट उबदार हवा गार नळीत जमते ते. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा तो पाण्याचा डबा) एक-दोन अंक खाली आणा, नळीला कापडी खोळ घाला आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी डब्याकडे परततं. नाक चोंदत असेल तर पट्ट्याने तोंड बांधू नका, आधी नाक दाखवा. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास जागेपणी मास्क लावू दे, माझी घुसमट त्यानेच गेली. अ‍ॅपमधला लीकचा (हवा किती सुटते त्याचा) आकडा डॉक्टरांना दाखवा, प्रेशर मात्र स्वतः बदलू नका.

धागाकर्ती:

मनापासून आभार दादा! आईने जुन्या सुती साडीची खोळ शिवली, मशीन पाटावर ठेवलं. काल गुडगुड अजिबात नाही. मास्क निघाला तो पावणेचारला. नाकाच्या डॉक्टरांकडे शनिवारी जातोय. मास्क लावून बघायच्या जागेबद्दल मात्र अजून विचारतेय, कुणाला माहीत असेल तर सांगा.