अल्केनथायॉलच्या (एका टोकाला गंधक असलेल्या कार्बन-साखळीच्या रेणूंच्या) थरावर सोनं चढवलं की जंक्शन (दोन धातूंमध्ये तो थर असलेली रचना) शॉर्ट होतं. वरचा संपर्क कसा द्यावा?

पातळथर (प्रश्न):
सिलिकॉनवर १ नॅनोमीटर क्रोमियम, ५० नॅनोमीटर सोनं, त्यावर हेक्झाडेकेनथायॉलचा (१६ कार्बनचं अल्केनथायॉल) एकरेणवी, म्हणजे एकाच रेणूच्या जाडीचा थर (इथेनॉलमध्ये १ मिलिमोलर, १८ तास). मग शॅडो मास्कमधून (भोकं असलेल्या पत्र्यातून) ३० नॅनोमीटर सोनं, थर्मल इव्हॅपरेशनने (निर्वातात तापवून वाफ करून), सेकंदाला ०.५ अँगस्ट्रॉम. जंक्शन १०० × १०० मायक्रोमीटर. जवळपास सगळीकडे काही ओहमच रोध येतो. थरात पिनहोल (सूक्ष्म भोकं) आहेत की सोनं आरपार जातंय, हे कसं ओळखायचं? दर कमी करून किंवा आधी टायटॅनियम देऊन फायदा होईल का?

निर्वात:
एका अणूच्या जाडीच्या सोन्याच्या वाटेचा रोध सुमारे १२.९ किलोओहम. काही ओहम म्हणजे अशा हजारो वाटा समांतर, नाहीतर २०-३० नॅनोमीटरचं एखादंच भोक. मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून क्षेत्रफळ बदलून बघा. २ ते ५ मायक्रोमीटरची जंक्शन करा. भोकं विरळ असतील तर त्यातली बरीच वाचतील. सोनं सगळीकडून झिरपत असेल तर लहानही शॉर्टच राहतील. मोजताना चार टोकांची जोडणी (प्रवाहाच्या दोन तारा वेगळ्या, व्होल्टेजच्या दोन वेगळ्या) हवी, नाहीतर पट्ट्यांचाच रोध मोजला जातो.

माझा अंदाज झिरपण्याचा. तुमच्या थराच्या टोकाला मिथाइल गट आहे, सोनं त्याला धरत नाही. अणू पृष्ठभागावर भटकतो आणि रेणूंमधल्या फटीतून खाली उतरून गंधक आणि सोनं यांच्यामध्ये जाऊन बसतो. शिवाय घनरूप होताना प्रत्येक अणू सुमारे ३.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट सोडतो, वर सोनं तापवायच्या धातूच्या बोटीची (वाटीची) उष्णता वेगळीच. दर कमी केला तर भटकायला वेळ उलट जास्त मिळतो. टायटॅनियम नकोच. ते झिरपत कमी असलं तरी रेणूंशीच अभिक्रिया करतं आणि तुम्हाला ज्या रेणूंतला प्रवाह मोजायचाय तेच मोडतं. तुमच्या मापाच्या जंक्शनमध्ये साधारण ४६ अब्ज रेणू असतात, आणि त्यात एकच धातूची वाट सगळं बिघडवायला पुरते.

द्रवधातू:
थर चांगला आहे का, हे आधी मऊ संपर्काने तपासा. गॅलियम-इंडियमचा युटेक्टिक, म्हणजे सर्वात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण (वजनाने ७५.५ टक्के गॅलियम, २४.५ टक्के इंडियम) सुमारे १५.५ अंशांना वितळतो, म्हणजे खोलीत द्रवच असतो. मायक्रोलिटर सिरिंजच्या सुईवर थेंब काढा, उघड्या धातूला टेकवा, सुई हळू वर घ्या. मान बारीक होत तुटते आणि सुईवर शंकूसारखं टोक राहतं. ते थरावर अलगद टेकवा, संपर्काचा व्यास कॅमेऱ्यातून मोजा. व्होल्टेज ±०.५ च्या आत ठेवा. टोकावर गॅलियम ऑक्साइडची पातळ साय असते, ती सुरकुतली की आकडे पसरतात, म्हणून टोक वारंवार नवं करा. प्रत्यक्ष विद्युतसंपर्क दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या जेमतेम दहाहजारांश भागात होतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या प्रवाहघनतेशी तुलना जपून.

खरी परीक्षा लांबीची. सी-१२, सी-१४, सी-१६ (१२, १४, १६ कार्बनची अल्केनथायॉल) घ्या. दर दोन कार्बनमागे प्रवाह सुमारे सात पटीने घटला पाहिजे. घटत नसेल तर प्रवाह रेणूंतून जातच नाही.

आणि खालचं सोनं असंच वापरू नका. त्याच्या कणांच्या सीमांवर थर विस्कटतो. सिलिकॉनच्या ऑक्साइडवर क्रोमियम न देता २०० नॅनोमीटर सोनं चढवा, यूव्हीने कडक होणाऱ्या डिंकाने काच चिकटवा, आणि थायॉलमध्ये बुडवायच्या अगदी आधी सोलून काढा. सिलिकॉनकडची गुळगुळीत बाजू वर येते. काही डिंक इथेनॉलमध्ये फुगतात, ते आधी तपासा.

वेफर:
टिकाऊ उपकरण हवं असेल तर मध्ये वाहक पॉलिमर घाला. आकेरमन, ब्लॉम आणि त्यांच्या नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलेला मार्ग असा: खालच्या सोन्यावर फोटोरेझिस्ट (प्रकाशाने नक्षी काढता येणारा पॉलिमर), त्यात १० ते १०० मायक्रोमीटरची भोकं, मग २०० अंशांना निदान तासभर भाजणं. हे भाजणं टाळलं तर थायॉलच्या इथेनॉलमध्ये रेझिस्ट विरघळतो. भोकात थर बसवल्यावर स्पिन करून (गरगर फिरवून पसरवून) सुमारे ९० नॅनोमीटर पेडॉट-पीएसएस (हाच तो वाहक पॉलिमर), निर्वातात सुकवणं, मग मास्कमधून १०० नॅनोमीटर सोनं. उघडा राहिलेला पॉलिमर ऑक्सिजन प्लाझ्माने काढायचा, सोनंच तिथे मास्क होतं. त्यांचा यील्ड (चालणाऱ्या जंक्शनचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या वर होता.

मात्र पेडॉट पाण्यातला, आणि तुमचा मिथाइल थर पाणी झटकतो. डायथायॉल (दोन्ही टोकांना गंधक असलेला रेणू) वापरा किंवा पॉलिमरमध्ये सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) घाला. रेणू चांगला वाहक असेल तर पॉलिमरचा स्वतःचा रोध मोजमापात शिरतो. अल्केनसाठी ती अडचण फारशी नाही.

पातळथर:
संपर्क सोन्याचाच हवा असेल, मध्ये पॉलिमर नको असेल तर?

निर्वात:
दोन वाटा. एक, सब्स्ट्रेट (थर असलेला खालचा तुकडा) द्रव नायट्रोजनने थंड ठेवा, स्रोताचं तोंड दुसरीकडे वळवा आणि चेंबरमध्ये साधारण १०⁻³ टॉर आर्गॉन सोडा. अणू वायूला धडकून ऊर्जा गमावतात आणि मागे वळून थरावर येतात. चढण्याचा दर फार कमी पडतो, आणि क्रिस्टल मॉनिटर (जाडी मोजणारा स्फटिक) सब्स्ट्रेटजवळ नसेल तर जाडी चुकते. दुसरी, सोन्याची पट्टी वेगळ्या सब्स्ट्रेटवर करून द्रवावर तरंगवत थरावर उतरवणं. यात गरम अणू येतच नाहीत, पण खाली द्रव अडकतो आणि सुरकुत्या पडतात. सुरुवात थंड सब्स्ट्रेटने करा, पण आधी टेम्प्लेटवरून (वर सांगितलेल्या सिलिकॉनवरून) सोललेलं सोनं आणि गॅलियम-इंडियमची लांबीची परीक्षा. थरच सदोष असेल तर वरचा कुठलाही संपर्क शॉर्टच दाखवेल.