एनएचआरए, एएचआरए, आयएचआरए: ड्रॅग रेसिंगमध्ये मान्यता देणारं नेमकं कोण?

पावमैल (प्रश्न)

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचे (दोन गाड्यांची सरळ पट्टीवरची छोटी शर्यत) जुने निकाल वर्षवार लावतोय. तीन-चार गाठी सुटत नाहीत.

१) १९५७ ते १९६३ या काळात टॉप फ्युएलचे (नायट्रोवर धावणाऱ्या सर्वांत वेगवान गाड्यांचा वर्ग) एनएचआरएचे (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) राष्ट्रीय विक्रम सापडतच नाहीत. एएचआरएचे (अमेरिकन हॉट रॉड असोसिएशन) मात्र सापडतात. असं का?
२) एकाच खेळाला इतक्या संस्था कशा? एनएचआरएला ‘अधिकृत’ कुणी ठरवलं? सरकारने की एफआयएने (मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संस्था)?
३) २००८ नंतरचे नायट्रो (नायट्रोमिथेन इंधनाच्या) गाड्यांचे आकडे आधीच्यांशी जुळत नाहीत. फक्त अंतरामुळे, की आणखी काही?
४) एका संस्थेची चॅसिस (गाडीचा सांगाडा) तपासणी दुसरीच्या ट्रॅकवर चालते का?

विकिपीडिया वाचून झालंय. कारणं हवी आहेत.

हिरवादिवा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचे त्यातून उलगडतात.

सरकारने कुणालाच काही दिलेलं नाही. मान्यता म्हणजे ट्रॅकचा मालक आणि संस्था यांच्यातला करार. मालक फी भरतो. बदल्यात त्याला नियमावली, तपासनीसांचं प्रशिक्षण, संस्थेच्या गुणतालिकेत जागा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दायित्व विमा मिळतो. विम्याशिवाय कुणी शहाणा माणूस प्रेक्षक आत घेणार नाही. संस्थेची खरी ताकद या कागदात आहे, ट्रॉफीत नाही. उद्या मालकाला दुसरीकडे बरा सौदा मिळाला, तर करार संपल्यावर तो पाटी बदलतो. त्याच डांबरावर, त्याच दिव्यांवर दुसऱ्या संस्थेची शर्यत सुरू होते.

आता इतिहास. दुसऱ्या महायुद्धाआधीच दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या तलावांवर वेग मोजणारी एससीटीए ही संस्था होती (१९३७). वॉली पार्क्स तिथलेच. पुढे ते ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक झाले आणि १९५१ मध्ये त्यांनी एनएचआरए काढली. तेव्हा रस्त्यावरच्या शर्यतींमुळे हॉट रॉडवाल्यांची (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्या चालवणाऱ्यांची) बदनामी झाली होती. पोरांना रस्त्यावरून उचलून वापरात नसलेल्या धावपट्टीवर आणायचं, पोलीस आणि नगरपालिकेला सोबत घ्यायचं, हा डाव होता. पहिली अधिकृत शर्यत एप्रिल १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रा मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली.

निकाल लावताना लोक १९५४ ची ‘ड्रॅग सफारी’ विसरतात. चार माणसं, एक डॉज स्टेशन वॅगन आणि मागे ट्रेलर. ट्रेलरमध्ये घड्याळं, जनरेटर, लाउडस्पीकर. गावोगावच्या क्लबांना शर्यत कशी भरवायची, गाडी कशी तपासायची, हे ते शिकवत फिरले. चौघांचे प्रमुख बड कून्स पोमोना पोलिसात होते, हा काही योगायोग नव्हता. देशभर वर्ग आणि तपासणी सारखी झाली ती या फिरतीमुळे. नुसती छापील नियमावली टपालाने पाठवून ते झालं नसतं.

१९५५ ची पहिली नॅशनल्स (एनएचआरएची वार्षिक राष्ट्रीय शर्यत) कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली. पावसाने शेवटच्या फेऱ्या अडल्या आणि त्या नोव्हेंबरात फिनिक्सला उरकल्या. म्हणून त्या एकाच शर्यतीला दोन तारखा आणि दोन गावं दिसतील. नोंदीतली चूक समजून एक पुसू नका. पुढे नॅशनल्स कॅन्सस सिटी, ओक्लाहोमा सिटी, डेट्रॉइट अशी फिरली आणि १९६१ पासून इंडियानापोलिसला स्थिरावली.

एफआयएबद्दल थोडक्यात: अमेरिकेतून एफआयएत प्रतिनिधित्व एसीसीयूएस नावाची समिती करते आणि एनएचआरए तिची सदस्य आहे. हा आंतरराष्ट्रीय दुवा. देशांतर्गत मक्तेदारीचा परवाना नव्हे.

नायट्रो_नव्वद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: बंदी.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही ट्रॅकांनी नायट्रोमिथेन बंद केलं आणि एनएचआरएने तोच नियम उचलला. वेग टायर, ब्रेक आणि ट्रॅकच्या लांबीच्या पुढे गेला होता हे खरंच. रसायन बघा, म्हणजे कळेल. पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला फक्त १.७. रेणूतच ऑक्सिजन आहे. म्हणजे तेवढ्याच हवेत आठपटींहून जास्त इंधन जाळता येतं. दर किलोला ऊर्जा कमी असूनही एकूण ताकद पेट्रोलच्या दुपटीहून जास्त निघते. मिश्रण जरा पातळ झालं की पिस्टन वितळतात. जास्त ओलं झालं आणि एखाद्या सिलिंडरची ठिणगी गेली की न जळलेलं इंधन तिथे साचतं आणि हेड उडतं.

पण बंदीमुळे नायट्रो संपलं नाही, घर बदललं. १९५६ मध्ये उभी राहिलेली एएचआरए जिम टाइस यांनी कॅन्सस सिटीतून चालवली आणि तिने इंधनवाल्या गाड्यांना दार उघडं ठेवलं. त्या वर्षांतले एनएचआरएचे ‘टॉप एलिमिनेटर’ (सर्वांत वरच्या गटाचे विजेते) पेट्रोलवाले आहेत. डॉन गार्लिट्स वगैरे नामवंत चालकांच्या नायट्रोवरच्या धावा एनएचआरएच्या दप्तरात नाहीत, कारण तिथे तो वर्गच नव्हता. परतही ते एका झटक्यात आलं नाही. १९६३ च्या विंटरनॅशनल्सला (एनएचआरएची हिवाळी शर्यत) इंधनवाल्यांना जागा मिळाली, इंडीच्या (इंडियानापोलिसच्या) नॅशनल्सला १९६४ मध्ये. तुमच्या तक्त्यात १९६३ ला ‘बंदी उठली’ अशी सरसकट रेघ मारू नका.

एएचआरएचा दुसरा गुण, किंवा दोष, कुणाला विचारता त्यावर अवलंबून: नामवंत चालकांना नुसतं हजर राहण्याचे पैसे. प्रेक्षक वाढायचे, नवख्याला मात्र रांगेत मागे राहावं लागायचं. टाइस गेल्यानंतर १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातच ती संस्था आटोपली. एका माणसावर उभ्या संस्थेचं दुसरं काय होणार.

पावमैल

‘टॉप एलिमिनेटर’चा घोळ सुटला, धन्यवाद. मग आयएचआरए (इंटरनॅशनल हॉट रॉड असोसिएशन) कशासाठी निघाली? इंधनाचा वाद तर तोवर मिटला होता.

नायट्रो_नव्वद

तिथे भांडण पैशाचं आणि ट्रॅकांचं. लॅरी कॅरिअर हे टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या ट्रॅकचे मालक. १९७० मध्ये त्यांनी आयएचआरए काढली. ट्रॅकवाल्यानेच संस्था काढली की नियम प्रेक्षक बघून ठरतात. प्रो स्टॉकचं (कारखानी गाडीसारख्या दिसणाऱ्या शर्यती गाड्यांचा वर्ग) उदाहरण घ्या. एनएचआरएने १९८२ पासून ५०० घनइंचांची कमाल मर्यादा आणि किमान २,३५० पौंड वजन असा साधा हिशोब ठेवला. आयएचआरएने इंजिनाच्या आकाराला मोकळं रान दिलं आणि ‘माउंटन मोटर’ हा प्रकार रुजला. म्हणून दोन्हीकडचे ‘प्रो स्टॉक’ विक्रम एका रकान्यात लिहिणं चूक आहे. नाव एक, गाड्या दोन.

१९७२ ची नोंदही तुमच्या तक्त्यात हवी. गार्लिट्सनी बक्षिसांच्या रकमेवरून पीआरए ही चालकांची संघटना उभी केली आणि एएचआरएच्या टाइसना सोबत घेऊन ओक्लाहोमातल्या टल्साला ‘नॅशनल चॅलेंज’ भरवली. तीही इंडीच्या नॅशनल्सच्याच आठवड्यात, सप्टेंबरच्या कामगार दिनाच्या सुट्टीत. विजेत्याला २५,००० डॉलर. त्या वर्षीच्या इंडीच्या यादीत काही मोठी नावं का नाहीत, त्याचं कारण गाडी बिघडणं नसून टल्सा आहे.

आयएचआरए पुढे बऱ्याच हातांतून गेली: १९८० च्या दशकाच्या शेवटी बिली मेयर, नंतर क्लिअर चॅनल, लाइव्ह नेशन, २००८ मध्ये फेल्ड. खाजगी मालकीत हे ओघाने येतं. नवा मालक वर्ग काढतो-घालतो, त्यामुळे सलग विक्रमांची मालिका तिथे शोधणं अवघड.

हिरवादिवा

एनएचआरए वेगळी ती इथे. ती नफा न कमावणारी संघटना म्हणून नोंदलेली आहे, कर कायद्याच्या ५०१(सी)(६) खाली. व्यापारी संघटनांचा हा प्रकार, धर्मादाय नव्हे. बरेच जण ५०१(सी)(३) लिहितात. फायदा असा की दरवर्षीचं फॉर्म ९९० सार्वजनिक असतं. उत्पन्न, पदाधिकाऱ्यांचे पगार, संचालकांची नावं सगळं त्यात.

पण सदस्य म्हणजे मतदार असं समजू नका. वर्गणी भरणारा सदस्य संचालक मंडळ निवडत नाही. नियम तांत्रिक विभाग आणि मंडळ ठरवतं आणि हंगामाच्या मध्येही बदलू शकतं. २००७ मध्ये व्यावसायिक शर्यतींचा भाग एचडी पार्टनर्स या कंपनीला विकायचं जाहीर झालं, तेव्हा चालकांना मत नव्हतं. सौदा फिसकटला तो त्या कंपनीच्या भागधारकांमुळे. हौशींचा विभाग एनएचआरएकडेच राहणार होता, हे त्या बातम्यांत बहुतेक वेळा गाळलेलं असतं.

पैशाची दुसरी नस म्हणजे प्रायोजक. विन्स्टन (सिगारेटचा ब्रँड) १९७५ ते २००१. तंबाखू कंपन्यांच्या १९९८ च्या तडजोडीनंतर कंपनीला एकाच खेळात ब्रँड ठेवता येत होता. त्यांनी नॅस्कार (दुसरी मोठी मोटार शर्यत मालिका) ठेवलं आणि ड्रॅग रेसिंग सुटलं. २००२ पासून ‘विन्स्टन मालिका’ हे नाव एकदम गायब होतं, ते यामुळे.

वाळूचा_खड्डा

तिसरा प्रश्न. २१ जून २००८ ला इंग्लिशटाउनला पात्रता फेरीत स्कॉट कॅलिटा यांच्या फनी कारचं इंजिन फुटलं, गाडी थांबण्याची जागा ओलांडून गेली आणि ते गेले. जुलैतल्या डेन्व्हरच्या शर्यतीपासून नायट्रोच्या दोन्ही वर्गांना (टॉप फ्युएल आणि फनी कार) १,३२० फुटांऐवजी (पाव मैल) १,००० फूट झाले. प्रो स्टॉक आणि बाकी वर्ग पाव मैलावरच राहिले. कारण साधं: ट्रॅक लांब करता येत नव्हते, शर्यत आखूड करता येत होती. शेवटचे ३२० फूट थांबायला मिळाले.

तेव्हा ४.४ सेकंद (पाव मैल) आणि ३.६ सेकंद (हजार फूट) यांची तुलना करू नका. गुणिले-भागिले करून रूपांतरही नको, कारण शेवटच्या टप्प्यात क्लच, डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) आणि इंधनाचं नियोजन दोन्ही अंतरांना वेगळं असतं. तक्त्यात अंतराचा वेगळा रकाना करा.

‘आणखी काही?’ होय, नायट्रोचं प्रमाण. २००४ मध्ये चालक डॅरेल रसेल यांच्या मृत्यूनंतर ते ९० वरून ८५ टक्के झालं, पुढे पुन्हा ९०. उरलेलं मिथेनॉल. तपासणी घनतेवरून: २० अंश सेल्सियसला नायट्रो साधारण १.१३, मिथेनॉल ०.७९. इंधन थंड असेल तर घनता वाढते आणि टक्केवारी फुगलेली दिसते, म्हणून तापमान मोजून तक्त्यातून दुरुस्ती करावी लागते. नुसता हायड्रोमीटर बुडवून वाद घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

शिक्का_चॅसिस

चौथा प्रश्न. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या संस्थेचा चॅसिस स्टिकर स्वीकारतात, पण तो त्या ट्रॅकच्या तांत्रिक अधिकाऱ्याचा निर्णय. लेखी विचारून घ्या.

मुळात संस्था स्वतः बेल्ट किंवा सूट प्रमाणित करत नाहीत. ते एसएफआय करते. १९७८ मध्ये नोंदलेली ही वेगळी संस्था, मूळ सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनेच्या मानकांतून आलेली. नियमावली फक्त म्हणते, ‘इतक्या सेकंदांच्या धावेला अमुक एसएफआय क्रमांक हवा’. म्हणून शर्यत कुणाचीही असली तरी तपासणीतल्या अडचणी सारख्याच.

पाव मैलाला ९.९९ सेकंद किंवा त्याहून जलद, किंवा ताशी १३५ मैल, इथे एनएचआरएची चॅसिस तपासणी आणि चालकाचा परवाना लागतो. नव्या कारखानी गाड्यांना वेगळी सवलत आहे, ती चालू वर्षाच्या नियमावलीतच बघा. स्टिकर ७.५० ते ९.९९ ला तीन वर्षं, ७.४९ पासून जलदला एक वर्ष.

गाडी परत जाते ती या गोष्टींवरून:

- चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या मुख्य कमानीला माइल्ड स्टील असेल तर भिंत किमान ०.११८ इंच, क्रोममॉलीला (जास्त मजबूत मिश्र पोलाद) ०.०८३; बाहेरचा व्यास १ ५/८ इंच. जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजतात. ०.१२० ची म्हणून घेतलेली नळी वाकवल्यावर बाहेरच्या बाजूने ताणून पातळ होते, आणि घासून साफ केली तर आणखी.
- क्रोममॉलीला टिग वेल्डिंगच हवं. माइल्ड स्टीलला मिग चालतं. दिसायला सुबक म्हणून वेल्ड घासलेत तर बाद, कारण आत किती धातू उरला ते बाहेरून कळत नाही.
- एसएफआय १६.१ बेल्टची मुदत उत्पादनाच्या तारखेपासून दोन वर्षं. खरेदीपासून नव्हे. दुकानात वर्षभर पडलेला पट्टा निम्मा संपलेला असतो.
- सूटचं लेबल: ३.२ए/५ म्हणजे त्वचा दुसऱ्या दर्जाची भाजेपर्यंत साधारण १० सेकंद, ३.२ए/१५ म्हणजे ३०, ३.२ए/२० म्हणजे ४०. लेबल कापलेलं असेल तर सूट चांगला असूनही उपयोग नाही.
- ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) लूप, म्हणजे त्याभोवतीचं सुरक्षा कडं, पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून ६ इंचांच्या आत, पट्टी किमान १/४ × २ इंच. लोक तो मधोमध लावतात. पुढचा जॉइंट तुटला की शाफ्टचं टोक जमिनीत रुततं आणि गाडी उचलली जाते. मधला लूप ते टोक रोखू शकत नाही.

पावमैल

तक्त्याला अंतर, इंधन, संस्था असे तीन रकाने वाढवतोय. १९६३ च्या आधीच्या सुरुवातीच्या वेळा (रिॲक्शन टाइम) कुठे मिळतील?

हिरवादिवा

मिळणार नाहीत. ख्रिसमस ट्री (सुरुवातीच्या दिव्यांचा खांब) १९६३ च्या नॅशनल्सला आली. त्याआधी झेंडेवाला उडी मारायचा आणि सुरुवात त्याच्या डोळ्यांवर. नंतरच्या आकड्यांतही सांभाळून: सगळे पिवळे दिवे एकदम लागणाऱ्या प्रो ट्रीला हिरवा ०.४०० सेकंदांनी, एकामागून एक लागणाऱ्या फुल ट्रीला दर दिव्याला ०.५००. जुन्या स्लिपवर (धावेच्या वेळांची छापील चिठ्ठी) अचूक सुरुवात ०.४०० किंवा ०.५०० अशी छापलेली असते, नव्यांवर .००० असते. रकाना भरण्याआधी वजाबाकी करा.