फिलिपाईन्सचा ‘किलुसांग मायो उनो’ महासंघ: १ मेच्या पत्रकासाठी माहिती हवी

चाकणवाली:
नमस्कार. चाकणला वायरिंग हार्नेसच्या प्लँटमध्ये काम करते, यंदा युनियनच्या कमिटीवर आहे. १ मेला गेटवर वाटायचं पत्रक मला लिहायचंय. दरवर्षी शिकागो, आठ तासांचा दिवस आणि खाली महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा, एवढंच असतं. यंदा आशियातल्या कामगारांबद्दल लिहावं असं मनात आहे. फिलिपाईन्सच्या ‘किलुसांग मायो उनो’ या महासंघाच्या नावातच १ मे आहे म्हणे. तो कधी, का निघाला, आणि मागतो काय? लाईनवरच्या निम्म्याहून जास्त पोरी ठेकेदाराच्या आहेत. वाचून त्यांना आपलं वाटलं पाहिजे.

भोसरीचा टर्नर:
ताई, ठेकेदाराच्या पोरींचं बोललात म्हणून तिथूनच धरतो. या महासंघाची मुळं टेंपररी कामगारांच्या मागणीत आहेत.

तिथले राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लावला. संपाला बंदी, पुढारी तुरुंगात. तशात ऑक्टोबर १९७५ मध्ये मनिलाच्या तोंडो भागात ला तोंदेन्या या दारू गाळण्याच्या कारखान्यातले कामगार संपावर बसले. मुख्य मागणी एकच: टेंपररींना पर्मनंट करा. वस्तीतले पाद्री आणि नन्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लष्कराने कामगारांना उचलून नेलं, आणि नोव्हेंबरात सरकारने संपबंदीचा आणखी कडक हुकूम काढला. पण भीती मोडली ती मोडलीच, पुढे एकामागून एक संप होत गेले. त्याच डिसेंबरात सरकारच्या मर्जीतला एक मोठा महासंघ उभा राहिला. तो ज्यांना आपला वाटेना, त्या संघटना १ मे १९८० रोजी एकत्र आल्या आणि ‘किलुसांग मायो उनो’, म्हणजे ‘१ मे चळवळ’, हा महासंघ स्थापन झाला. लष्करी कायदा तेव्हा उठलेला नव्हता, हे पत्रकात जरूर लिहा. पहिले अध्यक्ष फेलिक्सबेर्तो ओलालिया तेव्हा ७६ वर्षांचे होते.

जून १९८२ मध्ये बाताआन प्रांतातल्या निर्यात क्षेत्रात हजारो कामगारांनी, त्यांत बहुतेक बायका, दुसऱ्या कंपनीतल्या सोबतिणींसाठी स्वतःच्या मशीन बंद केल्या. तुमच्या पोरींना हे आधी सांगा. एका गेटचं भांडण सगळ्या वसाहतीने आपलं मानलं, असं आपल्याकडे मी फार थोड्या वेळा पाहिलंय आणि त्याची हळहळ अजून आहे. ऑगस्टमध्ये ओलालियांना अटक झाली. कैदेत तब्येत ढासळली आणि डिसेंबर १९८३ मध्ये ते गेले. मुलगा रोलांदो याने धुरा घेतली. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्याला आणि त्याच्या ड्रायव्हरला पळवून नेऊन ठार केलं. मार्कोस तोवर सत्ता सोडून पळालेला होता, तरी हे घडलं, हे लक्षात घ्या. नंतर आलेले क्रिस्पिन बेल्त्रान हे टॅक्सी ड्रायव्हरांच्या युनियनमधून वर आलेले. ते पुढे खासदार झाले, आणि २००६ मध्ये खासदार असतानाच तुरुंगात गेले.

मागण्या मुख्यतः दोन. पहिली: कंत्राटी पद्धत बंद करा. तिथल्या कायद्यात सहा महिने भरले की कामगार पर्मनंट होतो, म्हणून मालक पाच महिन्यांनी घरी पाठवतात. याला ते ‘एंडो’ म्हणतात. आपल्याकडे २४० दिवस भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी ब्रेक देतात, तेच. मीही ब्रेक खाल्लेत. प्रत्येक ब्रेकनंतर नव्याने बायोडेटा घेऊन त्याच गेटवर उभं राहायचं, आणि वॉचमन ओळखीचा असूनही नाव विचारायचा. दुतेर्ते २०१६ मध्ये एंडो संपवू म्हणून राष्ट्राध्यक्ष निवडून आले, आणि २०१९ मध्ये त्यासाठीचं विधेयक त्यांनीच नाकारलं.

दुसरी मागणी पगाराची. तिथे १९८९ पासून किमान वेतन विभागवार ठरतं, आपल्या परिमंडळांसारखं. जुलै २०२५ पासून मनिला परिसरात रोजचे ६९५ पेसो झाले. महासंघ म्हणतो, देशभर एकच दर ठेवा आणि तो १,२०० पेसो हवा.

सदाशिवकर:
माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजूही यावी. डाव्या राजकारणातले वाद या महासंघात शिरले आणि १९९३ मध्ये तो फुटला. मनिलाचा मोठा गट बाहेर पडला आणि त्याने वेगळी संघटना काढली. कामगारांची ताकद पक्षाच्या वादात विभागली जाते, हे आपण मुंबईत-पुण्यात कमी पाहिलेलं नाही.

भोसरीचा टर्नर:
फूट झाली हे खरं, आणि तिने नुकसान केलं हेही खरं. पण राजकारणापासून लांब राहा, हा सल्ला त्या कामगारांना देणं मला पटत नाही. संप करणंच गुन्हा होतं तिथे पगार मागणं हेच राजकारण झालं होतं. माझा आक्षेप वेगळा आहे: फुटीचा निर्णय लाईनवरच्या बाईला विचारून झाला का? पत्रकात फूट लपवू नका, ताई. दोन ओळींत लिहा.

दीनबंधूचा वाचक:
थोडं मागे जाऊन. तिथला पहिला महासंघ १९०२ चा, इसाबेलो दे लोस रेयेस यांचा. ते पत्रकार. स्पॅनिश सरकारने त्यांना बार्सिलोनाच्या तुरुंगात टाकलं, तिथे डाव्या विचारांच्या कैद्यांशी ओळख झाली आणि पुस्तकं घेऊन ते मायदेशी परतले. १९०३ मध्ये त्याच संघटनेने मनिलात मे दिनाचा मोर्चा थेट अमेरिकन गव्हर्नरच्या वाड्यावर नेला. आपले नारायण मेघाजी लोखंडेही संपादकच. ‘दीनबंधू’ हे पत्र १८७७ मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढलं, १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत चालवायला घेतलं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती त्यांच्यामुळे. दोघांना एका पानावर आणा.

चाकणवाली:
सगळ्यांचे आभार. बाताआनच्या बायकांपासून सुरू करते, मग ब्रेक आणि एंडो, आणि लोखंडे चौकटीत. काका, रोलांदोच्या खुन्यांचं काय झालं? पोरी हे विचारणारच.

भोसरीचा टर्नर:
खुनानंतर ३५ वर्षं निकाल रेंगाळला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अँतिपोलो शहराच्या न्यायालयाने तिघा माजी सैनिकांना दोषी ठरवलं, बाकीचे आरोपी फरारच होते. मजकूर झाला की इथे टाका, तारखा मी पाहून देतो. आणि पत्रक पहिल्या शिफ्टला सहाच्या आत वाटा, ठेकेदाराच्या बस त्याआधीच येतात.