चर्चा धागा: आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीसाठी ‘रद्द करा’ हे बटण कायद्याने सक्तीचे करावे का?

नीरक्षीर (धागाकर्ती):
माझ्या मामींनी नातवासाठी एका शिकवणी अ‍ॅपची १ रुपयाची सात दिवसांची चाचणी घेतली. त्यासाठी त्यांनी टाकलेला यूपीआय पिन त्या एका रुपयापुरता नव्हता. दर तिमाहीला पैसे कापून घेण्याची संमतीही त्याच पिनने दिली गेली होती, आणि ‘कमाल रक्कम’ खाली बारीक अक्षरांत लिहिलेली होती. कपातीच्या आदल्या दिवशी संदेश आला, पण तो इंग्रजीत असल्याने त्यांनी तो वाचलाच नाही. अ‍ॅपमध्ये रद्द करण्याची सोय शोधली, तेव्हा ‘ईमेल पाठवा, आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल’ एवढेच सापडले.

कपातीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम चांगलाच आहे, परंतु तो पैसे कसे कापावेत एवढेच ठरवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अ‍ॅप व संकेतस्थळांवर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ फसव्या रचना (‘डार्क पॅटर्न’) नोंदवल्या असून त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. मात्र काय करू नये हे सांगणे वेगळे आणि काय केलेच पाहिजे हे सांगणे वेगळे. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार रद्द करण्याचे बटण बंधनकारक आहे आणि ते नसेल तर ग्राहकाला कोणतीही मुदत न पाळता केव्हाही करार संपवता येतो. व्यावसायिकाला बटण देणेच परवडावे, अशी ही तरतूद आहे. आपल्याकडेही ती हवी, असे माझे ठाम मत आहे.

उंबरठा:
मी एक छोटे मराठी डिजिटल मासिक चालवतो आणि या मागणीला माझा विरोध आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेचे आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या व्यवहारांचे नियम पूर्णपणे लागू झाले, तेव्हा ज्यांना अंक हवा होता अशा वाचकांचीही वर्गणी अडकली. त्यांतले काही परत आले, काही आलेच नाहीत. मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, आमच्याकडे एक संपादक आणि एक अर्धवेळ तंत्रज्ञ असतो. शिवाय यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपे विभागात जाऊन ग्राहक कोणालाही न विचारता संमती मागे घेऊ शकतो. अमेरिकेतही फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच नियम केला होता, पण अर्थव्यवस्थेवरील परिणामांचे आवश्यक प्राथमिक विश्लेषण केले नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. खर्चाचा हिशेब न मांडता नियम केला की असे होते.

सातबारा:
मी बँकेत नोकरी केली आहे, म्हणून एक खुलासा करतो. ऑटोपेची संमती मागे घेतली की पैसे कापले जाणे थांबते, करार मात्र आपोआप संपत नाही. वर्षभराचा करार करून त्याचे पैसे मासिक हप्त्यांनी घेतले जात असतील, तर कंपनी उरलेल्या हप्त्यांची मागणी करू शकते. त्यामुळे उंबरठा यांचा उपाय निम्म्या दुखण्यावरचाच आहे.

नीरक्षीर:
सातबारा, आभार; नेमका हाच मुद्दा आहे. उंबरठा, अमेरिकेतील तो नियम कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे रद्द झाला. ग्राहकाला सहज बाहेर पडता येऊ नये, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने आरोप मान्य न करता, प्राइमच्या नोंदणी व रद्दीकरणाच्या प्रकरणात २.५ अब्ज डॉलरची तडजोड केली आणि ती २०१० च्या जुन्या कायद्याखालील दाव्यात. आपल्याकडे जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे हे खरे, पण तिमाहीच्या वर्गणीसाठी तिथे खेटे कोण घालणार? म्हणूनच ग्राहकाला लढावेच लागू नये, अशी तरतूद हवी. बटणाचा खर्च म्हणाल, तर ज्याला वर्गणी घेणारे पान बनवता येते, त्याला ती थांबवणारे पानही बनवता येते.

सातबारा:
त्याच्याही पुढे जाऊन मी सुचवेन की सहा महिने सेवा वापरलीच नसेल, तर नूतनीकरण आपोआप थांबावे. आईवडील गेल्यानंतर त्यांच्या खात्यातून चालू राहिलेली वर्गणी मुलांना कित्येक महिन्यांनी कळते, अशी प्रकरणे मी काउंटरवर पाहिली आहेत.

उंबरठा:
पूर्वसूचना मराठीत असावी, हे मला मान्य आहे आणि बटणाबाबतही, लहान प्रकाशकांना तयारीसाठी वर्षभराची मुदत मिळणार असेल, तर मी अडून बसणार नाही. परंतु सातबारा यांची सूचना मला धोक्याची वाटते, कारण सहा महिन्यांत अंक उघडला की नाही हे ठरवायचे, तर प्रत्येक वाचकावर मला पाळत ठेवावी लागेल. आमचे कित्येक वर्गणीदार अंक वाचण्यासाठी नव्हे, तर मासिक जगावे म्हणून पैसे देतात. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याला असू नये.