शब्दचर्चा: ‘हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंब, घर की चूल?

पाटीपेन्सिल:
घरखर्चाच्या एका पाहणीची प्रश्नावली मराठीत करतेय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. ‘हाउसहोल्ड’ला सगळीकडे ‘कुटुंब’ छापलेलं असतं, मीही तेच ठेवलं होतं. गावी, चिपळूणजवळ, शेजारच्या काकींना सहज विचारून पाहिलं, “कुटुंबात किती माणसं?” काकींनी बोटं मोजली नि म्हणाल्या, “अकरा.” त्यात मुंबईचा मुलगा, सून, त्यांची दोन पोरं, आणि पुण्याला दिलेली लेक, जावई, नातवंडंसुद्धा! स्वयंपाकघरात पानं वाढलेली तीन. आता महिन्याच्या खर्चाला अकराने भागू की तिनाने? दुसरा शब्द सुचवा. ‘घर’ नको, घर म्हटलं की लोक खोल्या सांगतात.

आडगावकर:
भागायचं तिनानेच. राष्ट्रीय नमुना पाहणीची व्याख्या साधारण अशी आहे: नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. नात्याची अट नाही. याला आपल्याकडे शब्द आहेच की, ‘चूल’. भाऊ वेगळे झाले की अंगणात भिंत पडायच्या कितीतरी आधी चूल वेगळी होते, आणि एका छपराखाली दोन चुली असतात हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
जुन्या माणसांपुढे ‘कुटुंब’ तर जपूनच. आमचे आजोबा “कुटुंब माहेरी गेलंय” म्हणायचे. त्यांना तुमचा प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं, एकच, आणि तेही सध्या घरात नाही.

निळीशाई:
चूल झकास, पण ठाण्याच्या सोसायटीत “तुमच्या चुलीत किती माणसं?” विचारलंत तर दार लावून घेतील. ‘घरटी’ कसा वाटतो? गणपतीची वर्गणी घरटी असते. घरटी खर्च आणि दरडोई खर्च, जोडीही जमते.

आडगावकर:
‘घरटी’ म्हणजे दर घरामागे. मोजायचं परिमाण सांगायला उत्तम, पण त्या घरातल्या माणसांच्या गटाला काय म्हणायचं हा प्रश्न राहतोच.
आता ‘दरडोई’वर आलोच आहोत तर एक भर. २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला. शब्दातच मेख आहे: डोई सगळ्या सारख्या. दोन महिन्यांचं तान्हं आणि उसाच्या फडात कोयता चालवणारा गडी, दोघांची डोई एकच धरायची. युरोपात घरातल्या पहिल्या मोठ्या माणसाला १, पुढच्या प्रत्येक मोठ्याला ०.५ आणि लहान मुलाला ०.३ असं वजन देतात. म्हणजे आई, बाप, दोन पोरं मिळून २.१ माणसं. घरात महिना २१,००० येत असतील तर दरडोई ५,२५०, पण या हिशोबाने १०,०००. घर तेच, पैसे तेच.

निळीशाई:
या वजनी डोईला पुस्तकात ‘समतुल्य प्रौढ’ म्हणतात. असले शब्द घडवणाऱ्यांना एकदा बाजारात भाजी आणायला पाठवावं.

मीठभाकर:
मी असल्या पाहणीत दारोदार फिरले आहे, म्हणून लिहिते. चुलीची व्याख्या ऐकायला गोड आहे, पण तिचा एक नियम बघा. घरात राहून काम करणारी, तिथेच जेवणारी बाई मालकांच्याच कुटुंबात धरतात. पुण्यात एका बंगल्यात मला अशा मावशी भेटल्या. मालकीणबाईंनी गाडीचं पेट्रोल, सहल, पोरांची फी, सगळा खर्च सांगितला, आम्ही तो घरातल्या माणसांच्या संख्येने भागला आणि मावशीही तितक्याच खर्चिक ठरल्या. त्या तेव्हा मागच्या ओट्याशी सकाळचा भात फोडणीला टाकत होत्या. सगळ्यांसाठी नाही, स्वतःपुरता.
म्हणून ‘विषमता’ आणि ‘तफावत’ यांत मी फरक करते. तफावत दोन आकड्यांत असते, वजाबाकी केली की हाती येते. विषमता सगळ्या वाटपाची, आणि एका चुलीच्या आतली विषमता आपल्या कागदावर उतरतच नाही.

पाटीपेन्सिल:
मीठभाकर, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या २०२३-२४च्या पाहणीत विषमतेचा गुणांक ग्रामीण ०.२३७ आणि शहरी ०.२८४ आहे. तो ‘गिनी’ लिहायचा की ‘जिनी’?

आडगावकर:
जिनी. कोर्रादो जिनी हे इटालियन संख्याशास्त्रज्ञ. गिनी म्हटलं की मला सराफाचं दुकान दिसतं. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकाच्याच ताटात. पण हा आकडा खर्चाच्या विषमतेचा आहे, तिथे नुसतं ‘आर्थिक विषमता’ लिहू नका. ज्याच्याकडे उरतं तो बाजूला टाकतो, आणि ते खर्चात दिसत नाही. उत्पन्नाची विषमता सहसा याहून मोठी भरते, मालमत्तेची तर त्याहून.
‘सरासरी’लाही जपा. आळीतल्या पाच घरांत महिना १२, १५, १८, २० आणि १३५ हजार येत असतील तर सरासरी ४० हजार, आणि चार घरं तिच्या निम्म्यावर किंवा त्याखाली. मधलं घर १८ हजारांचं. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘मध्यक’ म्हणतात, तोच वापरा.

मीठभाकर:
उत्पन्न विचारूच नका, कुणी सांगत नाही. “येतात तसे जातात” ऐकून परत याल. आणि कोकणात ‘विकत किती घेता’ एवढंच विचारलंत तर भाताच्या रकान्यात शून्य येईल, कारण भात घरचा. त्यालाही बांधावरच्या, म्हणजे शेतातच मिळणाऱ्या दराने किंमत लावायची असते. ‘घरचं’ आणि ‘विकतचं’ असे दोन रकाने करा, हे दोन शब्द सगळ्यांना कळतात.

पाटीपेन्सिल:
रकाने केले. शेवटी प्रश्न असा ठेवलाय: “तुमच्याकडे नेहमी एकत्र राहून एकाच स्वयंपाकातलं किती जण जेवतात?” मथळ्यात ‘कुटुंब’ ठेवावंच लागलं, वरून तसंच हवं होतं.
काल काकींना फोनवर पुन्हा विचारलं. म्हणाल्या, “तसं म्हणशील तर तीन. पण तू शिमग्याला ये मोजायला.”