डबा अर्धा परत येतो म्हणून

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळणाघरातून अडीच वर्षाच्या मुलीचा डबा अर्धा परत येतो. अहो पण त्यात दोन पोळ्या असतात ना, तेवढं तर मीपण जेमतेम खाते. इथं सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मी सात-आठ पोरं सांभाळते, माझा हिशोब साधा, वय जितकं तितके मोठे चमचे, म्हणजे दोन वर्षाच्याला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी, मागितलं तर परत वाढायचं. ज्वारीची भाकरी चतकोरच, ताकात नाहीतर आमटीत कुस्करून, कडक भाकरी असली तर आधी चांगली भिजवायची. शेंगाची चटणी सगळ्यांच्या घरून येते, पण तिखट असते आणि आख्खे दाणे तर चार-पाच वर्षापर्यंत नकोच, घशात अडकतात, मी बिनतिखटाचं बारीक कूट वरणात घालते. आणि सकाळी चहा-बिस्किट देत असाल तर ते आधी बंद करा, भूक तिथंच मरते, शिवाय चहानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. एकजण रोज फक्त भातच खायचा, शेजारच्या पोराचं बघून बघून पंधरा दिवसांनी स्वतःच मेथीला हात लावला, मी काहीच बोलले नव्हते.